सागाच्या वलयांतला पाहुणा अणू

आमच्या आलापल्लीला कधी आलात तर वनखात्याचा लाकूड डेपो जरूर बघा. एखाद्या सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे नीट पाहिलेत, तर एकात एक गोल वलये दिसतील. पाने गळाली की सागाची वाढ थांबते, पावसाबरोबर ती पुन्हा सुरू होते. म्हणून वर्षाला एक वलय. वलये मोजा, की कळले झाडाचे वय!

पण याच वलयांत आणखी एक हिशेब दडलेला असतो. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन लाकूड बनवते. त्यातल्या कार्बनच्या साधारण एक लाख कोटी अणूंमागे एखादाच अणू जरा जड असतो. त्याचे नाव कार्बन-१४. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो वरच्या हवेत तयार होतो. तो किरणोत्सारी आहे, म्हणजे केव्हातरी आपोआप फुटतो आणि त्याचा नायट्रोजन होतो. घाई मात्र मुळीच नाही! आहेत त्यातले निम्मे अणू संपायला ५,७३० वर्षे लागतात. (हा कार्बन तुमच्या-माझ्या अंगातही आहे. घाबरू नका, तो सगळ्याच सजीवांत असतो.)

एकदा वलय तयार झाले की त्यात नवा कार्बन शिरत नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या एका सागाची वलये तपासली. १९६४ च्या सुमाराच्या वलयात कार्बन-१४ नेहमीच्या दीडपटीहून जास्त निघाला! कारण? अमेरिका, सोव्हिएत रशिया वगैरे देशांनी त्याआधी उघड्या हवेत केलेले अणुबाँबचे स्फोट. १९६३ च्या करारानंतर अमेरिका, रशिया व इंग्लंड यांनी असे स्फोट थांबवले. स्फोट झाले हजारो मैलांवर आणि नोंद झाली ठाण्याच्या सागात.

आता असा दुर्मीळ अणू मोजायचा कसा? जुनी रीत म्हणजे तो फुटण्याची वाट बघायची. ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये हे अणू असतात सुमारे सहा हजार कोटी, आणि मिनिटाला फुटतात फक्त चौदा! बसा मोजत. न फुटलेले अणू मोजणारी यंत्रेही आहेत, आपल्याकडे दिल्लीत आहे, पण ती मोठी जागा अडवतात आणि महाग पडतात.

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली त्यासाठी लेसर वापरून दाखवला. त्यांची युक्ती कळायला घरीच एक प्रयोग करा. रबराला लहान दगड बांधून लोंबकळत ठेवा आणि खाली ओढून सोडा. मग तसाच मोठा दगड बांधा. मोठा सावकाश वरखाली होतो ना? कार्बन डायऑक्साइडचे रेणूही असेच थरथरत असतात. कार्बन-१४ जड, म्हणून त्याची थरथर किंचित सावकाश. आणि प्रत्येक रेणू आपल्या थरथरीशी जुळणारा प्रकाशच गिळतो. तेव्हा लेसरचा रंग अगदी बारकाईने जुळवला, की तो मुख्यतः कार्बन-१४ चेच रेणू गिळतात. हा रंग तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.

लाकूड जाळून मिळालेला वायू एका नळीत भरतात आणि खूप थंड ठेवतात. नळीच्या दोन्ही टोकांना इतके उत्तम आरसे, की प्रकाश हजारो वेळा मागे-पुढे जातो. लहानशा नळीत कित्येक किलोमीटरचा प्रवास! मग लेसर बंद करायचा आणि आतला प्रकाश किती वेळात मावळतो ते बघायचे. लवकर मावळला, तर कार्बन-१४ जास्त. अचूकपणात मोठी यंत्रे अजून पुढे आहेत, पण हे उपकरण टेबलावर मावते.

याचा आपल्या भागाला काय उपयोग? चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. चुलीतल्या लाकडात मात्र तो असतो. त्यामुळे हवेचा नमुना घेतला, तर धुरातला किती भाग कोळशाचा आणि किती सरपणाचा, हे वेगळे काढता येते.