काळ्या रानातली सडक : नांदुरा ते जळगाव जामोद

जळगाव जामोद तालुक्यात रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर पूर्णा नदी ओलांडून नांदुरा गाठावं लागतं. कापूस, मका, खताच्या गोण्या, कॉलेजची पोरं आणि खारपाणपट्ट्यातले डायलिसिसला निघालेले किडनीचे रुग्ण, बरेचसे याच वाटेने ये-जा करतात. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीतलं पीकपाण्याचं भाकीत ऐकायला निघालेले शेतकरीही. आसलगाव, मानेगाव, येरळी अशी गावं घेत जाणारी ही सडक म्हणजे तालुक्याचा आधार आहे.

जुन्या काळी इथली मोठी वाट उत्तरेची होती. बऱ्हाणपूर हे मोगलांचं दख्खनमधलं मुख्य ठाणं, आणि जामोदच्या बाजूने सातपुडा चढून तिकडे जाता येई. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरच्या बाजारापर्यंत पोचे. 1853 साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव कडाडला आणि 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. सातपुड्याच्या पायथ्याच्या या भागाचं तोंड तेव्हा दक्षिणेला, स्टेशनाकडे वळलं. 1905 साली जळगाव तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडला गेला. व्यापाराची दिशा मात्र तीच राहिली.

पण स्टेशनापर्यंतची वाट पूर्णेच्या खोऱ्यातून जाते, आणि या खोऱ्यात दगड नाही. शेकडो फूट खोल गाळाची माती आहे. मुरूम आणि गिट्टी डोंगराच्या कडेवरून वाहून आणायची, तीही पावसाच्या आत. पाऊस लागला की गाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतायचं.

1943 साली नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले आणि रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्राम अशी प्रतवारी ठरली. आजही बांधकाम विभागाचा निधी साधारण याच उतरंडीने खाली येतो. पुढे 1972 चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्रभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. उन्हात बसून हातोडीने खडी फोडणाऱ्या बायांनी किती गावांना पहिला पक्का रस्ता दिला, याची नोंद कुठल्या कोनशिलेवर सापडत नाही. ती असायला हवी होती.

पुढची गोष्ट मात्र मातीची आहे, आणि ती नीट सांगितली पाहिजे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. मे महिन्यात इथल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डांबराखालची मधली माती झाकलेली असल्याने ओल धरून राहते. कडेची, साइडपट्टीजवळची वाळते. कडेला बाभूळ असेल तर तिची मुळं उरलीसुरली ओलही ओढून घेतात. मग काठापासून दोन-तीन फुटांवर, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, एक सरळ भेग पडते. मृगाचं पाणी त्या भेगेतून खाली उतरतं, तळ मऊ होतो, आणि कापसाचा भरलेला ट्रक गेला की कड बसते. त्यावर डांबराचा नवा थर टाकला तरी पुढच्या वर्षी भेग तिथेच उघडते.

उपाय ठाऊक आहेत. वरची काळी माती काढून मुरूम भरायचा, मातीत चुना मिसळायचा, भराव उंच ठेवायचा, आणि नाली मोकळी राखायची. नालीचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. शेतात ट्रॅक्टर उतरवायला शेतकरी ती मातीने बुजवतो, कारण खाली पाइप टाकून रीतसर उतार करून द्यायचं कामाच्या अंदाजपत्रकात राहून जातं. सिमेंटचा रस्ताही या तळाला अपवाद नाही. तळ हलला तर स्लॅबला तडा जातोच.

22 जुलै 2023 रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी गावं वेढली, रस्ते पाण्याखाली गेले, कित्येक गावांचा संपर्क तुटला. पूर्णेवर होत असलेल्या जिगाव धरणाचा फुगवटाही याच पट्ट्यात येणार आहे. तेव्हा रस्त्याची उंची, मोऱ्यांची रुंदी आणि पुलांच्या जोडरस्त्यांचा भराव या तीन गोष्टींचा हिशेब पुराच्या पातळीवरून नव्याने मांडावा लागेल. मोठ्या पुलाचं उद्घाटन होतं, त्याचे फोटो छापून येतात. पण रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन निघालेली रुग्णवाहिका अडते ती एखाद्या लहानशा मोरीपाशी. रस्त्यासाठी पुढचा पैसा येईल, तेव्हा त्याचा पहिला हप्ता या मोऱ्यांवर आणि नाल्यांवर खर्च व्हावा.