एका खोलीच्या दोन खोल्या करणारं घडीचं पार्टिशन

बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आलेल्या एखाद्या कुटुंबाचं घर डोळ्यांसमोर आणा. जयनगर किंवा मल्लेश्वरममधला भाड्याचा फ्लॅट, एक बेडरूम आणि एक हॉल. गावाहून सासूबाई कायमच्या राहायला आल्या की त्यांची कॉट हॉलमध्ये पडते. त्याच हॉलमध्ये दहावीतल्या मुलीचं टेबल, टीव्ही आणि येणारेजाणारे पाहुणे. दुपारी जरा आडवं व्हावं, तर दारावरची बेल वाजते. साडी बदलायची, तर बाथरूम रिकामं होईपर्यंत थांबायचं. सासूबाई तक्रार करत नाहीत, पण हळूहळू त्यांचं बोलणं कमी होतं.

अशा घरात भिंत बांधता येत नाही. भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देतानाही कुरकुर करतो, कारण घर सोडताना भिंतीवरची प्रत्येक खूण डिपॉझिटच्या हिशेबात येऊ शकते. इथे उपयोगी पडतं ते जमिनीवर नुसतं उभं राहणारं, हवं तेव्हा घडी होणारं लाकडी पार्टिशन. सुट्टीचे तीन-चार दिवस आणि थोडी चिकाटी असेल, तर ते घरी बनवता येतं.

कल्पना जुनीच आहे

जपानमध्ये अशा घडीच्या पडद्याला ‘ब्योबू’ म्हणतात. त्याचा अर्थ वारा अडवणारा. आपल्याकडेही एकाच खोलीत ताटी किंवा कूड घालून आडोसा करण्याची रीत होती. फरक इतकाच की हा आडोसा सकाळी उभा करता येतो आणि संध्याकाळी पाहुणे आले की कपाटामागे सरकवता येतो.

लाकूड कोणतं घ्यावं?

बंगळुरूत म्हैसूर रोडजवळच्या न्यू टिंबर यार्ड लेआउटमध्ये लाकडाच्या वखारी आहेत. साग उत्तमच, पण महाग. त्याऐवजी सिल्व्हर ओक पाहा. मूळचं ऑस्ट्रेलियातलं हे झाड कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, म्हणून ते या भागात सहज मिळतं. रबराच्या झाडाचं लाकूडही चालतं. मात्र ते प्रक्रिया केलेलंच घ्या, नाहीतर त्याला बुरशी आणि भुंगा लवकर लागतो. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या घेणार असाल, तर त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, असं लाकूड घरात आणू नका.

लाकूड वाळलेलं आहे ना, हे सर्वांत महत्त्वाचं. ओलं लाकूड घरात आल्यावर पीळ घेतं आणि सांधे उघडतात. बंगळुरूत पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, तेव्हा तर अधिक जपावं. वखारवाल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल, तर आकडा १२ टक्क्यांच्या आसपास असल्याची खात्री करा. घरी आणल्यावर पट्ट्यांमध्ये काड्या ठेवून, त्या आडव्या रचून दोन आठवडे खोलीतच राहू द्या. कापायचं आणि रंधा मारायचं काम जमणार नसेल, तर तेवढं सुताराकडून करून घ्या. कन्नडमध्ये सुताराला ‘बडगी’ म्हणतात.

माप आणि हिशेब

पार्टिशन तीन झडपांचं करा. प्रत्येक झडप साडेपाच फूट उंच आणि १८ इंच रुंद. एवढ्या उंचीत पलंगावर बसलेलं किंवा झोपलेलं माणूस दिसत नाही, आणि वर जागा मोकळी राहत असल्यामुळे पंख्याचा वारा दोन्हीकडे जातो.

पट्ट्या २ इंच रुंद आणि १ इंच जाड. एका झडपेला ६६ इंचांच्या दोन उभ्या आणि १६ इंचांच्या तीन आडव्या पट्ट्या लागतात: वर, मध्ये आणि खाली. आडव्या पट्टीचा दोन्ही टोकांचा एकेक इंच सांध्यात जातो, म्हणून आत १४ इंचांची मोकळी जागा उरते. एका झडपेला १५ फूट पट्टी, तिघींना ४५ फूट. तूट धरून ५० फूट घ्या. वखारीत भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. उत्तर येतं साधारण ०.७ घनफूट. रंधा मारण्याआधीचं लाकूड थोडं जाड घ्यावं लागतं, म्हणून बिल याहून थोडं जास्त होईल.

चौकट कशी जोडावी?

करवत, पटाशी, गुण्या, ड्रिल आणि दोन-तीन शिकंजे एवढी हत्यारं पुरतात. उभ्या पट्टीत पटाशीने इंचभर खोल खाच करा. आडव्या पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून, त्या खाचेत घट्ट बसेल अशी जीभ काढा. जिभेची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश असावी. आधी डिंकाशिवाय जोडून पाहा. मग लाकडाचा पांढरा डिंक लावून शिकंज्यात आवळा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले, तर चौकट काटकोनात आहे. नाहीतर डिंक ओला असतानाच सरळ करा. चोवीस तास हात लावू नका.

खालच्या भागात ६ मिलिमीटरचं प्लायवूड बारीक पट्ट्यांच्या आधाराने बसवा. प्लायवर आयएसआयची खूण आणि ‘३०३’ हा क्रमांक पाहा. फरशी रोज भरपूर पाण्याने पुसत असाल, तर ‘७१०’ क्रमांकाचं जलरोधक प्लाय घ्या. खाली प्लाय असलं की वजन तळाशी राहतं आणि मुलांचे पाय कापडाला लागत नाहीत.

वरच्या भागासाठी सासूबाईंची जुनी इरकली काढा. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी मराठी घरात नवी नाही. २८ बाय ३४ इंचांचे तीन तुकडे, काठ खाली येईल असे कापा. वर-खाली नेफा शिवून पडद्याची स्प्रिंग घाला आणि ती हुकांना अडकवा. महिन्यातून एकदा कापड काढून धुता येतं.

शेवटी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड घासा. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन-तीन पातळ हात द्या. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून दूर करा.

पडणार नाही ना?

प्रत्येक जोडाला तीन, म्हणजे एकूण सहा बिजागऱ्या लागतील. पहिल्या जोडाच्या बिजागऱ्या पुढून लावा, दुसऱ्याच्या मागून. तरच पार्टिशन नागमोडी उभं राहतं आणि त्याची सपाट घडी होते. सरळ रेषेत ते कधीच उभं करू नका, हलक्या धक्क्यानेही आडवं होईल. खाली चाकं लावायचा मोह टाळा. चाकांवरचा घडीचा पडदा पळतो आणि कलंडतो. त्याऐवजी रबराची बुटं लावा. घरात रांगतं मूल असेल, तर एक झडप जड कपाटाला दोरीने बांधून ठेवा. कापडाजवळ निरांजन, उदबत्ती किंवा इस्त्री नको आणि बाहेर पडायच्या वाटेत पार्टिशन नको.

एक मर्यादाही लक्षात घ्या. हे पार्टिशन नजर अडवतं, आवाज अडवत नाही. तेव्हा पलीकडे कोणी झोपलं असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करण्याचं काम आपलंच.

घडी कोणी करायची?

पार्टिशन तयार झालं की घरातली मंडळी आपापल्या सोयीने ते उघडू-मिटू लागतात. पाहुणे आले, सरकवा. क्रिकेटची मॅच आहे, काढा. असं झालं तर सगळी मेहनत वाया गेली. ज्यांच्यासाठी आडोसा केला, त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. मुलांनाही दार वाजवावं तशी लाकडावर टकटक करायला शिकवा. सासूबाईंना एकटीने हलवता येईल इतकं ते हलकं आहे ना, हे त्यांच्याच हातून करवून पाहा.

घर बदलायची वेळ आली, तर घडी करून ते लिफ्टमधून खाली न्या आणि सामानाबरोबर टेम्पोत चढवा. नव्या घराचा हॉल लहान असो की मोठा, सासूबाईंची खोली त्यांच्याबरोबर येईल.