हौदातली बाग आणि गावचे तळे

घरात काचेचा हौद ठेवून मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. अलीकडे हौशी मंडळींचे लक्ष माशांइतकेच पाणवनस्पतींकडे वळले आहे. या छंदाचे आम्ही स्वागतच करतो. पाण्यातील जीवनाचा व्यवहार इतक्या थोडक्या जागेत शिकविणारी दुसरी शाळा क्वचितच सापडेल.

1849 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. आजही तत्त्व तेच आहे. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो; जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात आणि त्यावर वनस्पती पोसतात. ही साखळी जुळून येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी माती, रेती व रोपे आणि मागाहून मासे, हा क्रम मोडू नये. दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. अधिक उजेडाने शेवाळ माजते. आठवड्यास सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे.

परंतु आमची खरी चिंता हौदाबाहेरची आहे. छाटलेली रोपे आणि नकोसे झालेले मासे कित्येक जण भूतदयेपोटी जवळच्या तळ्यात वा व्हाळात सोडतात. ही दया नव्हे. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणूनच या देशात आली. तिथलीच साल्व्हिनिया केरळातील कालव्यांत व भातखाचरांत एवढी फोफावली की, तिचा फडशा पाडण्यासाठी 1983 च्या सुमारास परदेशातून भुंगेरे आणावे लागले. पाण्यावर असे पांघरूण बसले की उजेड तळाशी पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मूळचे मासे गुदमरतात. आपल्या गावची तळी वायंगणाला पाणी पुरवितात. तेथे ही आपत्ती ओढवली तर तिचा भुर्दंड शेतकऱ्यालाच सोसावा लागेल.

उपाय अगदी सोपा आहे. छाटलेली रोपे उन्हात पुरती वाळवून झाडांच्या आळ्यात पुरावीत, हौदातले काढलेले पाणी बागेस घालावे आणि नकोसे मासे दुकानदारास अथवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. घरातल्या हौदाची निगा राखणाऱ्यांनी गावच्या तळ्याचीही तेवढीच काळजी वाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.