पिशवी काढायची की नाही?

मंडळी, भातकुलीत काय अन् आपल्या वऱ्हाडात काय, बाई म्हणते, "ओटीपोट लय दुखते." घरातून सल्ला येतो, "लेकरं झाली ना, काढून टाक पिशवी." आज आपण एवढंच पाहू, की दुखण्याचं मूळ पिशवीतच आहे का?

सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हे दुखणं मूत्राशय, आतडं, जंतुसंसर्ग किंवा स्नायूंमुळेही असू शकतं. तसं असेल तर पिशवी जाते, दुखणं राहतं. पिशवीत मोठ्या गाठी असतील, तिचं अस्तर भिंतीत शिरलं असेल आणि औषधांनी गुण येत नसेल, तर मात्र ऑपरेशनने आराम पडतो.

कारण न शोधता पिशव्या काढल्या गेल्या, तर काय होतं ते बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कित्येकींना कॅन्सरची भीती दाखवली होती. सोबत अंडाशयंही काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. शेतात राबणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारू : कारण काय सापडलं? औषधं करून पाहिली का? अंडाशयं ठेवणार ना? कॅन्सर किंवा जोराचा रक्तस्राव नसेल, तर सहसा घाई नसते. दुसरं मत घ्यायला अमरावतीचं डफरीन जवळच आहे. तिथं दाखवू, घरी बोलू, मग सही करू.