शून्य आणि कोरी जागा

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा म्हणजे एरवी चहा, मागील सभेचे इतिवृत्त आणि गळक्या छपराची चर्चा. गेल्या महिन्यातील सभेत मात्र चिटणीसांनी एक छापील तक्ता सर्वांपुढे ठेवला आणि कपातला चहा तसाच निवून गेला. तक्त्यात बारा शब्दप्रयोग होते. ‘मराठी वाचनालय बडोदे’, ‘मराठी मासिके बडोदे’, ‘दिवाळी अंक बडोदे’, अशा धाटणीचे. प्रत्येकापुढे, महिन्याकाठी किती वेळा तो इंटरनेटवर शोधला जातो, याचा आकडा होता. बारांपैकी नऊ ठिकाणी शून्य होते.

“हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात,” चिटणीस म्हणाले. त्यांचा ठराव असा, की मराठी नियतकालिकांची वर्गणी नव्या वर्षापासून बंद करावी आणि त्या पैशांत स्पर्धा-परीक्षांची पुस्तके घ्यावीत. मी विरोध केला खरा, पण ‘परंपरा’ या एका शब्दापलीकडे माझ्यापाशी युक्तिवाद नव्हता. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आणि तो तक्ता खिशात घालून मी घरी आलो.

माझी नात संगणकाच्या धंद्यात आहे. तिने तक्ता पाहिला आणि विचारले, “आजोबा, हा कुणी काढला?” मी म्हटले, “कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाने.” त्यावर ती हसली. “मदतनिसाला हे आकडे ठाऊक नसतात. त्याने ते कुठून तरी मागवले असणार. कुठून, आणि आलेला कागद त्याने कसा वाचला, ते पाहायला हवे.”

मग तिने मला जे समजावले ते मी आपल्या जुन्या दफ्तराच्या भाषेत सांगतो. मदतनीस हा हुशार, बोलका कारकून. पण त्याच्या मेजावर दफ्तर नसते. दफ्तर दुसरीकडे, रुमालांत बांधलेले. तिथून कागद आणायचा तर ठराविक नमुन्याची मागणीचिठ्ठी लागते. अशी चिठ्ठी कशी लिहावी आणि उत्तर कोणत्या आकारात यावे, याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. पुढील वर्षी इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. या पद्धतीने कोणीही प्रोग्रॅमर एखादे लहानसे साधन रचू शकतो. साधनाचे नाव, ते काय करते आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते, एवढे लिहून ठेवले की मदतनीस ते वाचतो, शब्द, देश, भाषा, कालावधी असे रकाने भरून चिठ्ठी पाठवतो आणि आलेल्या उत्तरावरून आपल्याला सुबक मराठीत निवेदन करतो.

गोम या शेवटच्या पायरीवर असते. नातीने त्याच साधनाला तेच बारा शब्द पुन्हा विचारले. पण या वेळी निवेदनावर न थांबता मूळ उत्तर पडद्यावर उघडले. नऊ शून्यांपैकी सहा ठिकाणी शून्य नव्हतेच! तिथे जागा कोरी होती. म्हणजे ‘या शब्दाविषयी माहिती उपलब्ध नाही’. मदतनिसाने कोऱ्या जागेचे शून्य केले होते आणि आम्ही शून्याचा ठराव करायला निघालो होतो.

“आणि उरलेली तीन?” मी विचारले.

“त्या शून्यांवरही भरवसा ठेवू नका,” ती म्हणाली. २००६ साली सुरू झालेल्या गूगल ट्रेंड्सचे उदाहरण तिने दिले. तिथे ० ते १०० असे अंक दिसतात, पण ते माणसांचे मोजमाप नव्हे. त्या शब्दाचा शोध ज्या काळात सर्वाधिक होता त्याला १०० मानून बाकीचे त्या प्रमाणात मांडलेले असतात. आणि तेथे ० याचा अर्थ ‘कोणीही शोधले नाही’ असा नसून ‘पुरेशी माहिती नाही’ असा आहे. जाहिरातदारांसाठी गूगलचे जे दुसरे साधन आहे, कीवर्ड प्लॅनर, ते महिन्याची सरासरी देते. पण तीही गोळाबेरीज. एकमेकांसारखी रूपे त्यात एकत्र होतात, आणि जो जाहिरातीवर फारसा खर्च करत नाही त्याला नेमका आकडा न देता ‘शंभर ते हजार’ अशी ढोबळ मर्यादा दाखवली जाते. लहान गावाचे, लहान समाजाचे शब्द या चाळणीतून सहज खाली गळतात.

मग माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. आपण घरात ‘बडोदे’ म्हणतो. पण १९७४ पासून सरकारदरबारी शहराचे नाव वडोदरा आहे, आणि इंग्रजीत अजून पुष्कळांच्या बोटांवर बरोडा आहे. माझा स्वतःचा मुलगा मराठी नाटकाचा प्रयोग शोधतो तेव्हा रोमन अक्षरांत टंकतो. देवनागरीत ‘बडोदे’ लिहून वाचनालय शोधणारा माणूस आमच्या घरात मी एकटाच! महाराज सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. कारभारातील एकेका शब्दाला आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत. या शहरात एका गोष्टीला एकच नाव नसते, हे त्या दरबाराला पक्के माहीत होते. आम्ही त्यांचेच वारस, आणि एकाच लिपीत एकच नाव विचारून मोकळे झालो.

नातीने रोमन आणि गुजराती लिपीतील रूपे घालून पुन्हा चिठ्ठी पाठवली. काही ठिकाणी आकडे उमटले. मी खुर्चीतून उठलोच. पण तिने लगेच बजावले, “आजोबा, हे आपल्या बाजूचे आहेत म्हणून खरे मानू नका. वाचनालय शोधणारा अभ्यासिकेची जागा शोधत असेल, नोकरी शोधत असेल. शब्द कळतो, हेतू कळत नाही.” मी पुन्हा खाली बसलो.

तेव्हा मी ठरवले, की आपल्या दारातलीच मोजणी करावी. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन देवघेवीची वही मागितली. आपल्या शहराला अशा वह्यांचे अप्रूप नाही. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुस्तक कोणाच्या हाती गेले याची नोंद ठेवणे हा त्या शिस्तीचाच भाग.

वहीत मराठी मासिके नेणारी नावे थोडी होती, पण होती. काहींच्या पुढे ‘फोनवरून मागणी, मुलगा नेईल’ असा शेरा होता. अशा आजींची मागणी कोणत्याही यंत्राच्या मोजणीत येणार नाही. मी आनंदाने पाने उलटत होतो. उलटता उलटता माझे नाव आले. शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

ग्रंथपालबाई काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखे काही नव्हतेच. चिटणीसांचे नऊ आकडे मी खोडून काढले होते. पण हा दहावा खोडता येण्याजोगा नव्हता. येथे जागा कोरी नव्हती, खरोखरीचे शून्य होते, आणि ते माझे होते.

पुढील सभेत मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, दुसरीही. चिटणीस भले गृहस्थ. त्यांनी तक्ता परत घेतला. ज्या मासिकांना वर्षभरात एकही वाचक नव्हता ती बंद करावीत, बाकीची एक वर्ष चालू ठेवावीत, वाचनालयाच्या पाटीवर आणि संकेतस्थळावर नाव तिन्ही लिप्यांत लिहावे, आणि पुढच्या तक्त्यात ‘शून्य’ व ‘माहिती नाही’ असे दोन वेगळे रकाने असावेत, असे ठरले. वर्षअखेर पुन्हा वही उघडायची आहे.

सभा संपल्यावर मी दोन मासिके घरी नेली. ग्रंथपालबाईंनी माझ्या नावापुढे तारीख घातली.