घर गाडीच्या वाटेवर हवे

सकाळचा डबा भरताना घरातल्या बाईचा एक डोळा तव्यावर असतो आणि दुसरा घड्याळावर. गाडी चुकली की अर्ध्या दिवसाचा खाडा, नाहीतर रिक्षाला जादा पैसे. मुलीचे कॉलेज लांब असले की वडीलधारी विचारतात, ‘येण्याजाण्याचे कसे होणार?’ आणि काही घरांत शिक्षण तिथेच थांबते. म्हणून थांबा किती लांब, हा प्रश्न आपल्या संसाराचा आहे.

दीपनगरची वसाहत भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रासाठी वसली. केंद्राचा कोळसा रेल्वेने येतो. त्यासाठी रूळ आधी टाकावे लागतात. माणसे रोज कशाने जातील, याचा विचार मात्र किती ठिकाणी घरे बांधण्याआधी होतो? शेत बिनशेती होते, प्लॉट पडतात, घरे उभी राहतात आणि मग रहिवासी बससाठी अर्ज करतात. घरे दूर आणि विरळ, म्हणून बस अर्धी रिकामी धावते. तोटा होतो म्हणून फेऱ्या कमी होतात. मग ज्याला जमेल तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो आणि बस आणखी रिकामी होते. थांब्यावर उरतात त्या बाया, म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले, हे चांगलेच झाले. पण गाडीच येत नसेल तर सवलत कशावर घ्यायची?

आधी गाडी, मग घर

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध वेगळा मार्ग राखला आणि उंच इमारतींना याच रस्त्यांच्या कडेने परवानगी दिली. त्यामुळे बसला उतारू मिळाले. तिकीट एकच ठेवल्याने टोकाला राहणाऱ्या गरिबाला जादा भुर्दंड पडला नाही.

आपल्या राज्यात १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईची उपनगरे आखली गेली. १९९२ साली वाशीला लोकल पोहोचली. त्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. स्थानकाजवळ बाजार, कचेऱ्या आणि घरे आली.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणातही स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या आत, म्हणजे चालत दहा-बारा मिनिटांवर, दाट वस्ती असावी असे म्हटले आहे.

पण घरे कोणाची?

इथे सावध राहिले पाहिजे. स्थानक आले की जागेचा भाव चढतो. भाडे परवडत नाही म्हणून कामगार पुन्हा शहराच्या टोकाला जातो. गावकुसाबाहेरचे जिणे आपल्या आजोबांनी सोसले. नातवंडांच्या वाट्याला शहराबाहेरचे जिणे येऊ नये. म्हणून स्थानकाजवळ लहान, परवडणारी घरे राखून ठेवलीच पाहिजेत.

बंधू-भगिनींनो, १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना घेतल्या जातात. मोठे बिल्डर ही मुदत चुकवत नाहीत. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना नकाशा पाहायला पाठवा. थांबा कुठे आहे, तिथवर दिव्यांची पायवाट आहे का, लहान घरांना जागा आहे का, हे बघा. नसेल तर लेखी सूचना द्या, सह्या गोळा करा आणि पोच घ्या. घरे उभी राहिल्यावर केलेल्या अर्जापेक्षा त्या कागदाचे वजन जास्त असते.