हिमवादळात दगावलेली गुरे आणि सरकारी मदत

अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यात मीड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. आकाराने ही त्या राज्यातील सर्वांत मोठी काउंटी असून वस्ती विरळ आहे. विस्तीर्ण कुरणांवर मांसासाठी गुरे पाळणे हा तेथील मुख्य व्यवसाय होय.

ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात या भागावर मोठे संकट कोसळले. प्रथम गार पाऊस पडला आणि लागलीच सोसाट्याच्या वाऱ्यासह ओले, जड बर्फ पडू लागले. गुरे अद्याप उन्हाळी कुरणांवरच होती व त्यांच्या अंगावर हिवाळी केस आलेले नव्हते. भिजून गारठलेली जनावरे वाऱ्याच्या रोखाने चालत सुटली, बर्फाखाली दबलेली कुंपणे ओलांडून ओघळींत व तळ्यांत जाऊन पडली. साउथ डाकोटाच्या पश्चिम भागात अशी हजारो गुरे दगावली.

मदत कोठे अडली?

जनावरे दगावल्यास भरपाई देणारी केंद्र सरकारची योजना पूर्वी होती. परंतु तिची मुदत सप्टेंबर २०११ अखेर संपली होती. नवा कृषी कायदा संमत झाला नव्हता. त्यातच अंदाजपत्रकावरील वादामुळे १ ऑक्टोबर २०१३ पासून केंद्राचे कामकाज बंद पडले व काउंटीतील कृषी कार्यालयांना कुलपे लागली. नुकसान नोंदवावयास जावे, तर कचेरीत कोणी नाही, अशी स्थिती झाली.

अशा वेळी विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकांस एकच सल्ला दिला : मदत मिळो वा न मिळो, पुरावा राखा. मृत जनावरे पुरण्यापूर्वी मोजा, छायाचित्रे घ्या आणि त्रयस्थ माणसाकडून खात्री करवून घ्या.

सल्ल्याचे फळ

७ फेब्रुवारी २०१४ रोजी नवा कृषी कायदा अमलात आला. त्याने ही योजना पुन्हा सुरू केली. एवढेच नव्हे, तर १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या नुकसानीसही ती लागू केली. नेहमीच्या मरतुकीपेक्षा जी जनावरे अधिक दगावली, त्यांच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देण्याची तरतूद होती. ज्यांनी सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदी जपल्या होत्या, त्यांना आपली मागणी सिद्ध करणे सुलभ गेले.

मात्र ही मदत म्हणजे पूर्ण भरपाई नव्हे. गाभण गाय गेली, तर तिच्या पोटातील वासराचा मोबदला त्या वेळी मिळत नसे. कळप नव्याने उभा करण्यास लागणारी वर्षेही कोणी भरून देत नाही.

आपण काय शिकावे?

आपल्याकडेही पंचनाम्यावाचून मदत मिळत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवाव्यात :

१. जनावरांची संख्या, वय, जात व कानातील बिल्ल्याचा क्रमांक यांची नोंद वहीत ठेवावी.

२. खरेदी-विक्रीच्या पावत्या व पशुवैद्यांचे दाखले जपून ठेवावेत.

३. जनावर दगावताच गावच्या अधिकाऱ्यांस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

४. तपासणी व छायाचित्र झाल्यावरच मृत जनावर पुरावे. मात्र रोगराई टाळण्यासाठी विलंब करू नये.

कायदा उशिरा येईल, कचेरी उशिरा उघडेल; पण पुरलेल्या जनावराचा पुरावा मागाहून निर्माण करता येत नाही. ती नोंद ज्याची त्यानेच वेळीच केली पाहिजे.